आधी अंधार करा: फ्लुरोसन्स शिकू पाहणाऱ्यांसाठी

टॉनिक वॉटरची एक बाटली आणा आणि तिच्या शेजारी साध्या सोड्याची बाटली ठेवा. खोलीत काळोख करून दोन्हींवर नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चचा झोत टाका. सोडा काही केल्या दाद देणार नाही, टॉनिक वॉटर मात्र निळंशार उजळेल. तो निळा रंग बाटलीतल्या क्विनीनचा, म्हणजे मलेरियावरच्या जुन्या कडू औषधाचा आहे. टॉर्च विझवलीत की त्याच क्षणी तोही विझतो.

याला फ्लुरोसन्स म्हणतात. मराठी पुस्तकांत प्रतिदीप्ती हा शब्द दिसतो, पण लॅबमध्ये तो कुणाच्या तोंडी नसतो, म्हणून मीही फ्लुरोसन्सच म्हणणार. नवखा माणूस यात चमक शोधत बसतो. मीही तेच करायचो. पुढे लक्षात आलं की चमक बहुतेक वेळा असतेच, आपल्याला कमवावा लागतो तो तिच्या आजूबाजूचा अंधार. टॉर्चपासून टीबीच्या स्लाइडपर्यंतची सगळी खटपट त्या अंधारासाठी चालते. हा लेख वाचताना एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवा.

पायरी १: टॉर्च

बाजारातल्या स्वस्त यूव्ही टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या असतात (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, तिच्यावर प्रकाशाचा रंग ठरतो). त्या जांभळा प्रकाशही बऱ्यापैकी ओकतात आणि तो जांभळा रंग फिकट चमक झाकून टाकतो. थोडे जास्त पैसे मोजून ३६५ नॅनोमीटरची घेतलीत तर जांभळं कमी दिसतं आणि काम सोपं होतं. ३९५ची घरात असेलच तर पिवळा जिलेटिन पेपर दुहेरी करून डोळ्यांसमोर धरा. टॉर्चचा जांभळा प्रकाश तिथेच अडतो आणि हिरवी, पिवळी, लाल चमक आरपार येते. टॉनिक वॉटरची निळी चमक मात्र या कागदातून मंदावते किंवा गायबच होते. म्हणजे काय पाहायचं आहे त्यावर कागदाचा रंग ठरतो. सूक्ष्मदर्शकाच्या फिल्टरमागचं निम्मं शास्त्र या एका कागदात आलं.

सावधगिरी थोडक्यात: टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारायची नाही, आरशावर नाही, चकचकीत ताटावरही नाही. आणि पाण्याच्या प्युरिफायरमधली किंवा जंतू मारायची ट्यूब काढून प्रयोग करायचा विचार मनातही आणू नका. ती २५४ नॅनोमीटरची असते, डोळे आणि कातडी भाजते आणि भाजल्याचं कळतं काही तासांनी.

पायरी २: स्वयंपाकघर, पाकीट आणि अंगण

चिमूटभर हळद पाण्यात कालवून टॉर्च मारा. फारसं काही घडत नाही. तीच हळद हातावर चोळायच्या सॅनिटायझरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये कालवा, ती हिरवट-पिवळी पेटून उठेल. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. रेणू तोच, पण तो कशात विरघळला आहे यावर त्याचं चमकणं अवलंबून असतं.

पालकाची चार पानं थोड्या स्पिरिटमध्ये खलून रुमालातून गाळा. (स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस बंद आणि खिडकी उघडी.) गाळलेलं पाणी दिवसाउजेडी गर्द हिरवं दिसतं, टॉर्चखाली रक्तासारखं लाल. पहिल्यांदा पाहणारा हमखास ‘अरेच्चा’ म्हणतो. जिवंत पानातलं हरितद्रव्य घेतलेली बहुतेक ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाच्या कामाला लावतं, चमकायला फारच थोडी उरते. स्पिरिटमध्ये आलेल्या हरितद्रव्यापुढे ऊर्जा सोपवायला कुणीच नसतं, म्हणून ती लाल प्रकाश होऊन बाहेर पडते. शेतीतले अभ्यासक पानाची ही लाल चमक मोजून पिकावर ताण आहे का ते पाहतात.

आता पुन्हा टॉनिक वॉटर. पेल्यात थोडं काढून त्यात मीठ टाका. फसफसेल, ते निवू द्या. मग टॉर्च मारून पाहा, निळी चमक बरीच उतरलेली असेल. क्विनीन तिथेच आहे, पण मिठातले क्लोराइड आयन त्याची ऊर्जा प्रकाश होण्याआधीच काढून घेतात. याला क्वेन्चिंग म्हणतात. पुढे लॅबमध्ये एखादा रंग (म्हणजे नमुन्याला लावायचं चमकणारं द्रव्य) ‘चालत नाही’ असं वाटलं की या मिठाची आठवण ठेवा. रंग पुष्कळदा चांगला असतो, दोष त्याच्या भोवतालच्या द्रावणात असतो.

पाकिटातली नोट पाहा. तिच्यावरचा क्रमांक टॉर्चखाली उजळतो, कागद स्वतः मंद राहतो. शेजारी वहीचा पांढरा कागद धरा, तो निळसर झगझगतो, कारण त्यात आणि कपड्याच्या पावडरीतही शुभ्रता आणणारी फ्लुरोसन्ट द्रव्यं घातलेली असतात. नोटेचा कागद जाणूनबुजून अंधारा ठेवलेला असतो, म्हणून क्रमांक उठून दिसतो.

आणि विंचू. कोकणात किंवा देशावर रात्री अंगणात, दगडाच्या गडग्यापाशी हीच टॉर्च फिरवा. तिथे विंचू असेल तर तो हिरवट-निळा लखलखतो आणि दहा पावलांवरूनही दिसतो. त्याच्या कडक कवचातली काही द्रव्यं हे करतात. नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच टणक होत गेलं की चमक येते. म्हणून टॉर्चला काही दिसलं नाही तरी चप्पल झटकूनच पायात घाला.

काजवे या यादीत नाहीत. काजवा स्वतःच्या रसायनांतून प्रकाश तयार करतो, त्याला टॉर्च लागत नाही. मुलांच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्याही वेगळ्या. त्या दिवा घालवल्यावर बराच वेळ मिणमिणतात, त्याला फॉस्फरसन्स म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: झोत बंद केल्याबरोबर विझला तो फ्लुरोसन्स, मागे रेंगाळला तो फॉस्फरसन्स, झोताशिवाय उजळला तो काजव्याच्या जातीचा.

पायरी ३: आत काय होतं

रेणू प्रकाशाचा एक कण गिळतो आणि वरच्या ऊर्जापातळीवर चढतो. तिथे काही नॅनोसेकंद थांबतो, धडपडीत थोडी ऊर्जा उष्णता म्हणून गमावतो आणि उरलेली प्रकाश म्हणून परत देतो. दलाली कापून पैसे परत मिळावेत तसं. परत मिळालेल्या प्रकाशात ऊर्जा कमी, म्हणून त्याची तरंगलांबी जास्त: यूव्ही दिलं तर निळं मिळतं, निळं दिलं तर हिरवं, हिरवं दिलं तर लाल.

हा हिशेब १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्सने मांडला. त्याने लोलकाने सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि क्विनीनच्या द्रावणाची नळी त्या पट्ट्यातून सरकवत नेली. लाल, पिवळ्या, हिरव्या भागात काहीच झालं नाही. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला नुसता काळोख दिसतो, तिथे नळी निळी झाली. फ्लुरोसन्स हे नावही त्याचंच, फ्लुओरस्पार या खनिजावरून. घेतलेल्या आणि दिलेल्या तरंगलांबीतल्या फरकाला आज स्टोक्स शिफ्ट म्हणतात.

आपल्या कामाचं जे काही आहे ते सगळं या फरकात. टाकलेला प्रकाश आणि परत आलेला प्रकाश एकाच रंगाचे असते तर ते वेगळे करता आले नसते. रंग वेगळे आहेत म्हणून टाकलेला प्रकाश फिल्टरने पूर्ण अडवता येतो, आणि मग उरतं ते फक्त रंग लागलेल्या जागेचं उजळणं.

नमुन्याला लावायच्या प्रत्येक रंगाचे दोन आकडे लक्षात ठेवावे लागतात, एक घेतलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा आणि एक दिलेल्या प्रकाशाच्या, दोन्ही नॅनोमीटरमध्ये. पेशीचं केंद्रक दाखवणारा डॅपी साधारण ३५८ ला घेतो आणि ४६१ ला देतो. फ्लुओरेसिन ४९० च्या आसपास घेतो आणि ५१५–५२० ला देतो. इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी, ८०० च्या आसपास घेतो आणि त्याच्याही पुढे देतो. हे दोन्ही आकडे आपल्या डोळ्याच्या पलीकडचे, म्हणून त्याला कॅमेराच लागतो. बाकीचे आकडे पाठ करू नका, रंगाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या कागदावर ते असतात.

पायरी ४: फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकावर पहिल्यांदा बसताना

यंत्राच्या पोटात एक चौकोनी ठोकळा असतो, त्याला फिल्टर क्यूब म्हणतात. त्यात तीन काचा असतात. पहिली दिव्याच्या प्रकाशातून हवा तेवढाच रंग निवडते. दुसरी तिरकी काच तो रंग खाली नमुन्यावर वळवते आणि नमुन्याकडून येणारा लांब तरंगलांबीचा प्रकाश वर जाऊ देते. तिसरी काच चुकून परतलेला मूळ प्रकाश अडवते. तुमचा पिवळा जिलेटिन पेपर म्हणजे ही तिसरी काच.

बसण्याचा क्रम असा ठेवा. आधी साध्या प्रकाशात, कमी मोठेपणावर नमुना शोधा आणि फोकस करा. खोलीतले दिवे घालवा, संगणकाचा पडदाही मंद करा. डोळ्यांना पाच-दहा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. मग साधा दिवा बंद करून रंगाला जुळणारा क्यूब आणा आणि शटर उघडा. पाहिलंत की शटर लगेच बंद करा. बोलत बसायचं असेल तर शटर बंद करून बोला. प्रकाशात राहिलेला रंग हळूहळू कायमचा मरतो, त्याला ब्लीचिंग म्हणतात. नवखी मुलं सगळ्यात सुंदर जागा सापडल्यावर मित्राला हाक मारतात, आणि मित्र येईपर्यंत तिथे काळं वर्तुळ उरलेलं असतं.

जुन्या यंत्रात पाऱ्याचा दिवा असेल तर त्याचे नखरे सांभाळा. तो लावल्यावर स्थिर व्हायला वेळ लागतो, बंद केल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत पुन्हा लावायचा नाही, आणि त्याचे जळलेले तास वहीत लिहायचे, कारण मुदत उलटलेला दिवा फुटू शकतो. एलईडी आल्यापासून ही कटकट गेली. बटण दाबलं की उजेड, सोडलं की अंधार.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात एका ऊतीच्या कापावर मला फार देखणी हिरवी जाळी दिसली. दोन दिवस मी फोटो काढत होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या लॅबमधल्या ताईंनी एवढंच विचारलं, “रंग न लावलेली स्लाइड पाहिलीस का?” पाहिली. तिच्यावरही तीच जाळी, तितकीच हिरवी. ते कोलॅजेन होतं, ऊतीतलं प्रथिन, जे मुळातच चमकतं. तांबड्या पेशी, वनस्पतींच्या भिंतीतलं लिग्निन, फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) मुरलेला जवळजवळ कुठलाही नमुना स्वतःहून थोडाफार उजळतो. याला ऑटोफ्लुरोसन्स म्हणतात. धूळ, टिश्यू पेपरचे धागे, मार्करची शाई हेही त्याच टोळीतले.

म्हणून प्रत्येक वेळी एक स्लाइड रंगाविना करायची. रंग लावलेली अँटिबॉडी (ठरावीक गोष्टीलाच चिकटणारं प्रथिन) वापरत असाल तर आणखी एक, जिच्यावर हव्या प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी नाही, फक्त त्या पहिलीला चिकटणारी दुसरी, चमकणारी आहे. या दोन स्लाइड काळ्या आल्या तरच तिसरीवरच्या उजेडाला अर्थ. सोड्याची बाटली टॉनिक वॉटरशेजारी ठेवली होती ती याचसाठी.

अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडायची युक्ती अल्बर्ट कून्स यांची, १९४१ ची. हवं ते प्रथिन शोधून त्याच्यावर दिवा ठेवायचा, असा प्रकार. पुढे त्याहून नवल घडलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओसामू शिमोमुरा यांनी एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून एक हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं आणि १९६२ मध्ये त्याची नोंद छापली. तेच जीएफपी, म्हणजे ग्रीन फ्लुरोसन्ट प्रोटीन. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक हाती दिलं, १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते जिवाणूत आणि इवल्याशा कृमीत घालून दाखवलं, रॉजर त्सिएन यांनी त्यातून नाना रंग काढले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. जीएफपीचं मोल असं की बाहेरून रंग घालावाच लागत नाही. पेशी स्वतःच्या प्रथिनाला स्वतःच दिवा लावते, आणि ती जिवंत असताना ते प्रथिन कुठे जातं ते पाहता येतं.

पायरी ५: एक खरं काम, टीबीची स्लाइड

आपल्याकडे फ्लुरोसन्सने सगळ्यात जास्त उपयोगाचं काम कुठे केलं असं विचाराल तर मी बेडक्याच्या तपासणीचं नाव घेईन. जुनी झील-नील्सन पद्धत सर्वांना माहीत आहे: निळ्या पार्श्वभूमीवर लाल जंतू, तेलाचं भिंग, १००० पट मोठेपणा आणि नमुना निगेटिव्ह म्हणायच्या आधी १०० क्षेत्रं (भिंगातून एका वेळी दिसणारी जागा म्हणजे एक क्षेत्र). ऑरामीन या चमकणाऱ्या रंगाच्या पद्धतीत जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे चमकतात, म्हणून २०० ते ४०० पट मोठेपणा पुरतो. मोठेपणा पाच पटींनी उतरला की एका नजरेत मावणारी जागा पंचवीस पटींनी वाढते. २०० पटीवर ३० क्षेत्रं पाहिली की त्या १०० क्षेत्रांहूनही जास्त जागा पाहून होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये एलईडीवर चालणाऱ्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली आणि अंधारी खोली, पाऱ्याचा दिवा यांशिवाय हे काम लहान केंद्रांतही होऊ लागलं.

हे घरी करायचं काम नाही. प्रशिक्षण घेतलेल्या माणसासोबत, लॅबच्या सुरक्षेतच शिकायचं. क्रम असा असतो:

१. बेडक्याचा पातळ थर स्लाइडवर पसरून हवेत सुकवायचा आणि उष्णतेने पक्का करायचा.
२. त्यावर ०.१ टक्का ऑरामीन ओतून २० मिनिटं ठेवायचं. झील-नील्सनसारखं खालून तापवायचं नाही.
३. पाण्याने धुऊन ०.५ टक्का आम्लयुक्त अल्कोहोल ३ मिनिटं. टीबीच्या जंतूच्या मेणचट आवरणात शिरलेला रंग आम्लाला दाद देत नाही, बाकी बहुतेकांचा उतरतो.
४. पुन्हा धुऊन पोटॅशियम परमँगनेट १ मिनिट.
५. धुऊन, हवेत, अंधारात सुकवायचं आणि शक्य तितक्या लवकर पाहायचं.

चौथ्या पायरीकडे नवखे दुर्लक्ष करतात. परमँगनेट जंतूला काहीच रंग देत नाही. थरात उरलेला कचरा आणि पेशी जी फिकट चमक देत असतात ती विझवणं, एवढंच त्याचं काम. हे द्रव्य खास अंधार करण्यासाठी आणलेलं आहे. पण एक मिनिटाचं तीन-चार मिनिटं झालं तर ते जंतूंचीही चमक खातं आणि पॉझिटिव्ह रुग्णाची स्लाइड निगेटिव्ह वाटू लागते. घड्याळ समोर ठेवूनच करा.

पाहताना प्रत्येक पिवळा ठिपका जंतू समजू नका. जंतू बारीक, किंचित वाकलेल्या काडीसारखा असतो, गोल ठिपके बहुधा रंगाचा गाळ. शंका आली तर मोठेपणा वाढवून आकार पाहा. आणि चमक जंतू जिवंत आहे की मेलेला ते सांगत नाही, म्हणून उपचार सुरू असलेल्या रुग्णाचा अहवाल डॉक्टरांनीच वाचावा.

आता जनुकीय तपासणी पुढे गेली आहे, पण फ्लुरोसन्स तिथेही आहेच. रिअल-टाइम पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती वाढतात तशी नळीतली चमक वाढते, आणि यंत्र ती दर फेरीला मोजतं. टीबीसाठी वापरलं जाणारं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्रही याच तत्त्वावर चालतं. ते बनवणारी मोलबायो ही कंपनी गोव्याची.

पायरी ६: तुमच्या स्वतःच्या किंवा घरच्यांच्या तपासणीची वेळ आली तर

मधुमेह असलेल्या घरात ‘डोळ्याची अँजिओग्राफी’ हा शब्द कधी ना कधी कानावर येतो. हृदयाच्या अँजिओग्राफीशी तिचा संबंध नाही, नळी-बिळी काही घालत नाहीत. हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन टोचतात आणि दहा-बारा सेकंदांत ते डोळ्याच्या पडद्यावर पोचतं. निळा प्रकाश टाकून कॅमेरा हिरव्या चमकीचे फोटो घेतो. जिथे शीर पाझरते तिथे उजेड पसरतो, जिथे रक्तच पोचत नाही तिथे काळा डाग राहतो. हा काळा डागही डॉक्टरांना तितकाच बोलका.

जाण्यापूर्वी अ‍ॅलर्जी, दमा, मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, चालू औषधं हे सगळं आपणहून सांगा. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, तेव्हा परतीला गाडी दुसऱ्याने चालवावी. सुईनंतर थोडं मळमळलं तर घाबरू नका, ते अनेकांना होतं. पण अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला तर क्षणभरही न थांबता तिथेच सांगा. ते क्वचित होतं, पण त्याला तातडीने उपचार लागतात. काही तास कातडी पिवळसर दिसते आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-नारिंगी होते. ही गोष्ट आधी न सांगितल्यामुळे रात्री कावीळ झाली म्हणून धावपळ केलेली माणसं मी पाहिली आहेत.

बुबुळावर ओरखडा आला असेल तर याच फ्लुओरेसिनची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात. निळ्या उजेडात ओरखडा हिरवा उमटतो. दोन मिनिटांचं काम आहे.

शस्त्रक्रियेतही हेच. आयसीजी शिरेतून दिल्यावर यकृत ते पित्तात सोडतं, त्यामुळे पित्ताशय काढताना पित्तनलिका कॅमेऱ्यात उजळते आणि चुकून ती कापली जाण्याचा धोका कमी करता येतो. मेंदूच्या काही आक्रमक गाठींसाठी रुग्णाला शस्त्रक्रियेआधी काही तास फाइव्ह-एएलए नावाचं औषध प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्यापासून पॉर्फिरिन नावाचं चमकणारं द्रव्य बनवतात आणि निळ्या उजेडात गाठ लालसर दिसते, भोवतालचा मेंदू निळाच राहतो. हे औषध घेतलेल्याला नंतर काही काळ ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात.

त्वचेच्या डॉक्टरांकडचा जांभळा दिवा म्हणजे वूड्स लॅम्प, रॉबर्ट विल्यम्स वूड यांच्या नावाचा, साधारण ३६५ नॅनोमीटरचा. तुमच्या टॉर्चचा थोरला भाऊच. कोडाचे डाग त्याखाली पांढरे-निळे आणि रेखीव दिसतात, डोक्यातल्या काही प्रकारच्या गजकर्णाचे केस हिरवट, काखेत-जांघेत होणारा एरिथ्राझ्मा हा त्वचेचा संसर्ग पोवळ्यासारखा लाल. तिथे जाताना त्या जागेवर क्रीम, पावडर, मलम लावू नका, कारण त्यातली कित्येक द्रव्यं स्वतःच चमकतात. लगेच आधी साबणाने घासून धुऊही नका, एरिथ्राझ्माची लाली पाण्याबरोबर निघून जाऊ शकते. आणि दिव्याखाली तुमच्या हातावर एखादी पांढरी-निळी रेघ लखलखली तर बोटाने हलकेच उचलून पाहा, टॉवेलचा धागा असेल.